एका संज्ञांतराची चिकित्सा : नैराश्यरोधक औषधांचे 'सोडणे' आणि 'सुटणे'

१

शास्त्रीय लेखनाची चिकित्सा करताना आपण सामान्यतः त्यातील प्रमाणांकडे आणि निष्कर्षांकडे पाहतो. संज्ञांकडे फारसे पाहत नाही. संज्ञा सोयीसाठी ठरविलेली असते, ती बदलली तरी वस्तू बदलत नाही, अशी आपली समजूत असते. पदार्थविज्ञानात ही समजूत बव्हंशी खरी असेल. मनोवैद्यकात मात्र रोग्याचे बोलणे हेच पुष्कळदा मुख्य प्रमाण असते, आणि तेथे ती खरी ठरत नाही. तक्रार कोणत्या शब्दात नोंदली जाते ह्यावर ती गंभीर की क्षुल्लक, औषधाची की आजाराची, हे तेथे ठरत असते. प्रस्तुत लेखात अशाच एका संज्ञांतराचा विचार करावयाचा आहे. नैराश्यरोधक औषधे बंद केल्यावर काही रोग्यांना जो त्रास होतो, त्याला पूर्वी इंग्रजीत 'विथड्रॉअल' म्हणत. विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात त्याला 'डिस्कन्टिन्युएशन सिन्ड्रोम' हे नाव रूढ झाले. हे नामांतर कशाच्या आधारे झाले, त्यामुळे काय दिसेनासे झाले, आणि मराठीत ह्या विषयावर लिहिणाऱ्याने कोणते शब्द पत्करावेत, हे तीन प्रश्न येथे अभिप्रेत आहेत.

आरंभ एका जुन्या टिपणापासून करणे सोयीचे होईल. रोलान्ड कून ह्या स्विस मनोविकारतज्ज्ञाने इमिप्रामिन ह्या द्रव्याचा नैराश्यावरील गुण १९५७ साली जाहीर केला. त्यानंतर चारच वर्षांनी, १९६१ साली, क्रेमर, क्लाइन आणि फिंक ह्या तिघांचे एक छोटे टिपण 'अमेरिकन जर्नल ऑफ सायकिॲट्री' ह्या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. त्याच्या मथळ्याचा अर्थ असा : इमिप्रामिन-उपचाराच्या 'डिस्कन्टिन्युएशन'नंतर उद्भवणारी 'विथड्रॉअल'-लक्षणे. हा मथळा लक्षपूर्वक वाचण्याजोगा आहे. पुढे ज्या दोन शब्दांवरून एवढा वाद माजला, ते दोन्ही येथे एकत्र नांदत आहेत आणि प्रत्येकाला आपापले काम नेमून दिलेले आहे. उपचार बंद करण्याची क्रिया म्हणजे 'डिस्कन्टिन्युएशन'. त्या क्रियेमागून शरीराला जे भोगावे लागते ते 'विथड्रॉअल'. 'विथड्रॉअल' ह्या शब्दाचा मूळ अर्थही काढून घेणे, म्हणजे एक क्रियाच, असा आहे हे खरे. परंतु वैद्यकीय वापराने तो शब्द देहाच्या अवस्थेचा वाचक होऊन बसला होता. लेखकांनी तो त्याच रूढार्थाने वापरला. ह्यात त्यांना काही अवघड वाटले नाही, आणि त्यावरून औषधाची बदनामी होईल अशी शंकाही त्यांना आलेली दिसत नाही.

छत्तीस वर्षांनंतर ह्या दोन शब्दांपैकी एकाने दुसऱ्याची जागा घेतली. क्रियेचे नाव अवस्थेला लावण्यात आले. ह्या काळात लक्षणे बदलली होती असे म्हणता येत नाही. चक्कर, मळमळ, निद्रानाश, विलक्षण स्पष्ट स्वप्ने, चिडचिड, कारण नसता येणारे रडू, अस्वस्थता ही यादी थोड्याफार फरकाने तीच राहिली. नव्या औषधांच्या बाबतीत तीत डोक्यात विजेचा झटका बसल्यासारख्या संवेदनेची भर पडली. तेव्हा नव्या नावाचे कारण लक्षणांच्या बाहेर शोधले पाहिजे.

२

त्यासाठी मधल्या काळाकडे धावती नजर टाकावी लागेल. १९६० साली क्लोरडायझेपॉक्साइड आणि १९६३ साली डायझेपाम ही बेन्झोडायझेपिन वर्गातील शामक औषधे बाजारात आली. ती निर्धोक आहेत अशी ग्वाही पुष्कळ वर्षे दिली जात होती. पुढे ती सुटत नाहीत असा अनुभव येऊ लागला, आणि १९८८ साली ब्रिटनमधील औषध-सुरक्षा समितीने त्यांचा वापर दोन ते चार आठवड्यांपुरता मर्यादित ठेवावा असा सल्ला दिला. ह्याच सुमारास नव्या नैराश्यरोधकांचे युग सुरू झाले. फ्लुऑक्सेटिनला अमेरिकेत १९८७ च्या डिसेंबरात मान्यता मिळाली. सर्ट्रालिन, पॅरॉक्सेटिन ही औषधे मागोमाग आली. शामकांनी पोळलेल्या समाजाला ह्या नव्या गोळ्या द्यावयाच्या, तर त्या जुन्या गोळ्यांसारख्या नाहीत हे पटविणे भाग होते.

ब्रिटनमधील मनोविकारतज्ज्ञांच्या आणि सामान्य डॉक्टरांच्या रॉयल कॉलेजांनी मिळून १९९२ ते १९९६ ह्या काळात 'डिफीट डिप्रेशन' नावाची मोहीम चालविली. मोहिमेच्या आरंभापूर्वी घेतलेल्या जनमत-चाचणीत ७८ टक्के लोकांनी नैराश्यरोधक औषधे व्यसन लावणारी आहेत असे मत दिले होते. हा आकडा मोहिमेच्या चालकांना लोकांच्या अज्ञानाचे गमक वाटला, आणि ह्या औषधांचे व्यसन लागत नाही हे लोकांना समजावून देणे हा मोहिमेच्या कार्याचा एक भाग झाला. त्यांचा हेतू शुद्ध होता ह्याविषयी शंका घेण्याचे कारण नाही. नैराश्याचा आजार उपचारावाचून ठेवला तर तो प्राणावर बेततो, आणि भीतीमुळे लोक औषधाला शिवत नाहीत, ही त्यांची चिंता खरीच होती. परंतु येथे एक गोष्ट नजरेआड झाली. लोक जे सांगत होते ते दोन निरनिराळ्या कल्पनांचे मिश्रण होते. 'ह्या गोळीची चटक लागेल' ही एक भीती, आणि 'ही गोळी पुढे सोडता येणार नाही' ही दुसरी. पहिली भीती निराधार होती. दुसरी तपासून पाहण्याजोगी होती. दोहोंना एकच उत्तर दिले गेले.

१९९६ च्या डिसेंबरात अमेरिकेतील फीनिक्स येथे निवडक तज्ज्ञांची एक परिषद भरली. तिचा खर्च फ्लुऑक्सेटिनची निर्माती एलाय लिली ह्या कंपनीने केला होता. परिषदेतील निबंध १९९७ साली 'जर्नल ऑफ क्लिनिकल सायकिॲट्री' ह्या नियतकालिकाच्या पुरवणीत प्रसिद्ध झाले, आणि त्यांत 'डिस्कन्टिन्युएशन सिन्ड्रोम'ची व्याख्या देण्यात आली. तिच्या मथळ्यातच ती गृहीतकात्मक असल्याचे म्हटले होते. पुढील वापरात हे विशेषण गळून पडले. कंपनीचा येथील हितसंबंध दुहेरी होता, आणि तो समजून घेतल्यावाचून ह्या प्रकरणाचे यथार्थ आकलन होत नाही. फ्लुऑक्सेटिन आणि त्याचे शरीरात बनणारे उपद्रव्य ही दीर्घकाळ टिकतात. उपद्रव्याचे अर्धायुष्य एक ते दोन आठवड्यांच्या घरात जाते. पॅरॉक्सेटिनचे अर्धायुष्य सुमारे एका दिवसाचे आहे. म्हणजे औषध सुटल्याचा त्रास प्रतिस्पर्ध्यांच्या गोळ्यांत अधिक दिसणार हे उघड होते. हा त्रास चर्चेत येणे कंपनीला सोयीचे होते. परंतु त्याला 'विथड्रॉअल' म्हटले गेले असते तर संपूर्ण औषधवर्गच संशयित ठरला असता. त्रास मान्य करावयाचा आणि त्याचे नाव मात्र सौम्य ठेवावयाचे, ह्या दोन्ही गरजा नव्या संज्ञेने भागविल्या. ह्याचा अर्थ परिषदेतील तज्ज्ञ अप्रामाणिक होते असा नव्हे. त्यांनी डॉक्टरांचे लक्ष एका दुर्लक्षित त्रासाकडे वेधले, आणि ते श्रेय त्यांचेच आहे. एवढेच म्हणावयाचे की ही संज्ञा निवडलेली आहे, शोधून काढलेली नाही.

३

नव्या संज्ञेच्या समर्थनार्थ जो युक्तिवाद केला जातो तो असा : 'विथड्रॉअल' हा शब्द व्यसनाच्या संदर्भात येतो; नैराश्यरोधकांनी व्यसन लागत नाही; म्हणून त्यांच्या बाबतीत तो शब्द योजू नये. ह्या युक्तिवादाचे दुसरे विधान बरोबर आहे. ह्या औषधांची तलफ येत नाही, मात्रा वाढवीत नेण्याची ओढ लागत नाही, ती मिळविण्यासाठी कोणी घरदार विकीत नाही. दोष आहे तो पहिल्या विधानात. औषध सुटल्याचा त्रास व्यसनावाचूनही होतो, हे वैद्यकात सर्वमान्य आहे. रक्तदाबासाठी दिलेली बीटा-ब्लॉकर वर्गातील औषधे एकाएकी बंद केली तर हृदयावर विपरीत परिणाम होतो. स्टेरॉइडे दीर्घकाळ घेणाऱ्याला ती टप्प्याटप्प्याने कमी करावी लागतात. ह्या रोग्यांना कोणी व्यसनी म्हणत नाही. रोज चार वेळा चहा घेणाऱ्याचे एकादशीच्या दिवशी डोके दुखते, त्यालाही आपण व्यसनी म्हणून घराबाहेर काढीत नाही.

हा घोटाळा झाला कसा हे पाहू गेले असता 'डिपेन्डन्स' ह्या शब्दाचा इतिहास चाळावा लागतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञ समितीने १९६४ साली 'ॲडिक्शन' आणि 'हॅबिच्युएशन' हे दोन्ही शब्द बाजूला सारून 'ड्रग डिपेन्डन्स' ही एकच संज्ञा सुचविली. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेच्या निदान-पुस्तिकेच्या १९८० च्या तिसऱ्या आवृत्तीत बहुतेक द्रव्यांच्या बाबतीत शरीराची सहनशक्ती वाढणे किंवा द्रव्य सुटल्यावर त्रास होणे, एवढे अवलंबित्वाच्या निदानाला पुरे होते. १९८७ च्या सुधारित आवृत्तीत आणि त्यानंतर १९९४ च्या चौथ्या आवृत्तीत ही व्याख्या बदलली. चौथ्या आवृत्तीत सात निकषांपैकी तीन लागू पडले तरच अवलंबित्व मानावयाचे ठरले, आणि ह्या निकषांत द्रव्याचा अनावर वापर, त्यापायी कामधंद्याची हेळसांड अशा वर्तनाच्या बाबी मुख्यत्वे होत्या. म्हणजे जो शब्द पूर्वी शरीराविषयी बोलत होता तो आता वर्तनाविषयी बोलू लागला. २०१३ च्या पाचव्या आवृत्तीने 'डिपेन्डन्स' ही निदान-संज्ञाच काढून टाकली. डॉक्टरांच्या सल्ल्याने घेतलेल्या औषधाने निर्माण होणारी सहनशक्ती आणि ते सुटल्यावरचा त्रास ह्यांची गणना व्यसनविकारात करू नये, असेही तिने स्पष्ट केले. त्याच आवृत्तीत नैराश्यरोधकांचे 'डिस्कन्टिन्युएशन सिन्ड्रोम' वेगळे नोंदले आहे.

व्याख्येतील हे बदल आणि नव्या औषधांचे आगमन ह्यांत कार्यकारणसंबंध आहे असे येथे सुचवावयाचे नाही. व्याख्याकारांचे लक्ष मद्य, अफू, कोकेन ह्यांकडे होते. परंतु परिणाम असा झाला की नव्या व्याख्येप्रमाणे 'ह्या औषधांनी डिपेन्डन्स येत नाही' हे विधान अक्षरशः खरे ठरले, आणि जुन्याच अर्थाने शब्द ऐकणाऱ्या रोग्याने त्याचा अर्थ 'ही औषधे मनात येईल तेव्हा सोडता येतील' असा घेतला. बोलणाऱ्याच्या कोशात एक अर्थ आणि ऐकणाऱ्याच्या कोशात दुसरा, अशी स्थिती असता विधान खरे असूनही फसविते. अशा फसवणुकीला कोणा एकाला जबाबदार धरता येत नाही, आणि म्हणूनच ती दीर्घकाळ टिकते.

४

शब्द सौम्य झाला एवढ्यानेच हानी होते का, असा प्रश्न येथे विचारला जाईल. त्याचे उत्तर रोग्याच्या आणि डॉक्टरांच्या भेटीत सापडते. मराठीत 'दुखणे उलटणे' असा अर्थपूर्ण वाक्प्रचार आहे. बरा होत आलेला आजार पुन्हा उचल खातो तेव्हा आपण तो योजतो. गोळी बंद केल्यावर आठवड्याभरात रोगी पुन्हा दाराशी येतो. झोप नाही, रडू येते, जीव घाबरतो असे सांगतो. हे दुखणे उलटले, की गोळी सुटल्याचा हा त्रास आहे? पहिला निर्णय केला तर गोळी पुन्हा सुरू होते, कदाचित जन्मभरासाठी. दुसरा केला तर ती पुन्हा देऊन अधिक सावकाश कमी करावयाची हा मार्ग राहतो. ज्या डॉक्टराला हा त्रास सौम्य असतो आणि आठवड्यात संपतो असे शिकविले गेले आहे, तो तीव्र किंवा लांबलेल्या त्रासाला दुखण्याचे उलटणेच मानणार. संज्ञेतील सौम्यता निदानात अशी उतरते.

हे दोन्ही प्रकार ओळखता येत नाहीत असे नाही. सुटल्याचा त्रास बहुधा मात्रा कमी केल्यावर थोड्याच दिवसांत सुरू होतो, त्यात चक्कर आणि विजेच्या झटक्यांसारखी शारीरिक लक्षणे असतात, आणि गोळी पुन्हा सुरू करताच तो बहुधा लवकर ओसरतो. रोझेनबाउम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ साली प्रसिद्ध केलेला प्रयोग ह्या दृष्टीने बोलका आहे. ह्या प्रयोगालाही लिली कंपनीचेच अर्थसाहाय्य होते. त्यात २४२ रोग्यांच्या चालू औषधाच्या जागी ५ ते ८ दिवस प्लासिबो देण्यात आला. नव्या संज्ञेची लक्षणे फ्लुऑक्सेटिनच्या गटात १४ टक्के, सर्ट्रालिनच्या गटात ६० टक्के आणि पॅरॉक्सेटिनच्या गटात ६६ टक्के रोग्यांत दिसली. शेवटच्या दोन गटांत नैराश्याच्या लक्षणांचीही वाढ झाली. एवढ्या अल्प अवधीत दोन गटांचे दुखणे उलटावे आणि तिसऱ्याचे उलटू नये, हे औषधांच्या अर्धायुष्यातील फरकावाचून समजावून सांगता येत नाही.

असे असूनही सार्वजनिक पातळीवरील भाषा फार सावकाश बदलली. बीबीसीच्या 'पॅनोरामा' ह्या कार्यक्रमात १९६१ च्या टिपणातील त्रासासारखाच त्रास १९९० नंतरच्या एका औषधाच्या संदर्भात चर्चिला गेला तो २००२ च्या ऑक्टोबरात. औषध होते पॅरॉक्सेटिन. कार्यक्रमानंतर आलेल्या १,३७४ ईमेल-पत्रांचा अभ्यास चार्ल्स मेडावार आणि अँड्र्यू हर्क्सहाइमर ह्यांनी केला. डोक्यात वीज चमकते, झटके बसतात अशा शब्दांत लोकांनी लिहिले होते. अधिकृत नोंदींत ही तक्रार संवेदनादोषाच्या एका व्यापक खान्यात विरून जात असे. पुढील वर्षी, २००३ साली, ब्रिटनमधील पॅरॉक्सेटिनच्या माहितीपत्रकात अशा त्रासाचा संभव ०.२ टक्क्यांवरून २५ टक्क्यांवर नेण्यात आला. तरीही २००९ च्या ब्रिटिश मार्गदर्शिकेत हा त्रास सामान्यतः सौम्य असतो आणि सुमारे आठवड्यात आपोआप संपतो असे म्हटलेले होतेच. २०१८ च्या फेब्रुवारीत मनोविकारतज्ज्ञांच्या कॉलेजच्या अध्यक्षांनी एका सहकाऱ्यासह 'द टाइम्स' ह्या वृत्तपत्रात लिहिलेल्या पत्रात बहुसंख्य रोग्यांचा त्रास दोन आठवड्यांत मिटतो असे विधान केले. त्यावर वाद झाला. २०१९ च्या मे महिन्यात कॉलेजने आपल्या निवेदनात काहींचा त्रास तीव्र आणि दीर्घकाळ असू शकतो हे मान्य केले, आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात मार्गदर्शिकेतही तशी दुरुस्ती झाली. इंग्लंडमध्ये २०१७-१८ ह्या एका वर्षात ७३ लाख लोकांना, म्हणजे प्रौढ लोकसंख्येच्या १७ टक्क्यांना, ही औषधे दिली गेली होती, आणि सुमारे ९ लाख ३० हजार लोक ती निदान तीन वर्षे अखंड घेत होते, हे ध्यानी घेतले म्हणजे एका वाक्याच्या दुरुस्तीचे मोल कळून येते.

५

येथवर नव्या संज्ञेच्या टीकाकारांची बाजू मांडली. आता त्यांच्याही भाषेची चिकित्सा केली पाहिजे. नाही तर हे विवेचन एकांगी होईल. डेव्हिस आणि रीड ह्यांनी २०१८ साली प्रसिद्ध केलेल्या समीक्षेत औषध सोडणाऱ्यांपैकी सरासरी ५६ टक्क्यांना त्रास होतो आणि त्यांपैकी ४६ टक्के त्याचे वर्णन अतितीव्र असे करतात, असा निष्कर्ष होता. हा आकडा वृत्तपत्रांनी उचलून धरला. परंतु त्यातील काही माहिती संगणकजालावरील स्वेच्छा-पाहण्यांतून आलेली होती. ज्याला त्रास झाला तोच अशा पाहणीला उत्तर द्यायला पुढे येतो. ज्याची गोळी सुखाने सुटली त्याला सांगण्याजोगे काही नसते. शिवाय प्लासिबो सोडणाऱ्यांनाही त्रास होतो ही गोष्ट अशा सरासरीत दिसत नाही.

हेन्सलर आणि सहकाऱ्यांचे २०२४ साली 'लॅन्सेट सायकिॲट्री'त प्रसिद्ध झालेले एकत्रित विश्लेषण ही उणीव भरून काढते. त्यात औषध सोडणाऱ्यांपैकी सुमारे ३१ टक्क्यांत आणि प्लासिबो सोडणाऱ्यांपैकी सुमारे १७ टक्क्यांत एखादे तरी लक्षण आढळले. तीव्र त्रासाचे प्रमाण २.८ टक्के होते. २०२५ साली काल्फास आणि सहकाऱ्यांनी केलेल्या विश्लेषणात औषध सोडणाऱ्यांत पहिल्या आठवड्यात प्लासिबोच्या तुलनेने सरासरी एकच लक्षण अधिक दिसले, आणि नैराश्याची वाढ दिसली नाही. हे निष्कर्ष वर सांगितलेल्या रोझेनबाउम ह्यांच्या प्रयोगाशी पूर्णपणे जुळत नाहीत हे प्रांजळपणे मान्य केले पाहिजे. परंतु ह्या विश्लेषणांतील अनेक प्रयोगांत रोग्यांनी औषध काही आठवडेच घेतलेले होते. काही आठवडे गोळी घेतलेल्याच्या अनुभवावरून ती दहा वर्षे घेतलेल्याविषयी अनुमान करणे हे एका पावसाळ्याच्या पाण्यावरून विहिरीची खोली सांगण्यासारखे आहे. तेव्हा सत्य असे दिसते की त्रास सर्वांना होत नाही, बहुसंख्यांना तीव्र होत नाही. एका अल्पसंख्य गटाला तो तीव्र होतो, आणि औषधाचा प्रकार व कालावधी ह्यांवर तो अवलंबून असतो. तीव्र त्रासाचे प्रमाण शंभरांत तीन मानले तरी लाखोंच्या हिशेबात ती माणसे थोडी होत नाहीत.

दुसरी एक गोष्ट टीकाकार विसरतात. दुखणे खरोखरच उलटते. ब्रिटनमधील 'अँटलर' प्रयोगाचे निष्कर्ष २०२१ साली प्रसिद्ध झाले. त्यात दीर्घकाळ औषध घेऊन बरे वाटत असलेले ४७८ रोगी होते. ५२ आठवड्यांत औषध चालू ठेवलेल्यांपैकी ३९ टक्क्यांचे आणि बंद केलेल्यांपैकी ५६ टक्क्यांचे नैराश्य परतले. ह्या फरकाचा काही भाग सुटल्याच्या त्रासाचा असेल. औषध सुमारे दोन महिन्यांतच काढून घेण्यात आले होते, आणि त्या गटात तशी लक्षणेही अधिक नोंदली गेली. परंतु सगळाच फरक त्या खाती टाकता येत नाही. त्याच आकड्यांची दुसरी बाजूही वाचली पाहिजे : बंद केलेल्यांपैकी ४४ टक्के वर्षभर औषधावाचून ठीक राहिले. हे ४४ कोण आणि ते ५६ कोण, हे आधी ओळखण्याची कला अद्याप कोणाला साधलेली नाही. 'सर्व त्रास औषधाचाच' हे म्हणणे 'सर्व त्रास आजाराचाच' ह्या म्हणण्याइतकेच आंधळे आहे, आणि त्यापायी जीवही जाऊ शकतो.

६

संज्ञा नेमकी झाली म्हणजे उपाय कसा दिसू लागतो, ह्याचे उदाहरण मात्रा उतरविण्याच्या प्रश्नात मिळते. त्रास आठवड्याचा असेल तर औषध कसे कमी करावे हा शास्त्राचा विषयच होत नाही. अर्धी गोळी काही दिवस, मग बंद, एवढे सांगून भागते. मार्क हॉरोविट्झ आणि डेव्हिड टेलर ह्यांनी २०१९ साली 'लॅन्सेट सायकिॲट्री'त हा प्रश्न नव्याने मांडला. हॉरोविट्झ हे स्वतः हा त्रास भोगलेले मनोविकारतज्ज्ञ आहेत, आणि ते त्यांनी लपवून ठेवलेले नाही. त्यांच्या युक्तिवादाचा आधार मात्र मेंदूच्या प्रतिमाचित्रणातून मिळालेले आकडे हा आहे. सिटॅलोप्रामची २० मिलिग्रॅमची मात्रा मेंदूतील सेरोटोनिन-वाहक प्रथिनाचा सुमारे ८० टक्के भाग व्यापते. मात्रा निम्म्याहून थोडी खाली, म्हणजे ९ मिलिग्रॅमवर आणली तरी व्याप्ती सुमारे ७० टक्के राहते. २.३ मिलिग्रॅमला ती सुमारे ४० टक्के असते, आणि ०.४ मिलिग्रॅमहूनही कमी मात्रेत सुमारे १० टक्के उरते. म्हणजे २० वरून १० वर येताना फारसे काही घडत नाही. १० वरून शून्यावर येताना कड्यावरून उडी मारल्यासारखे होते. गडाची वाट वरच्या पठारावर सपाट आणि पायथ्याशी उभी असावी, तसा हा उतार आहे.

ह्यावरून शेवटच्या टप्प्यात फार लहान मात्रा लागतात हे ओघानेच येते, आणि सिटॅलोप्रामची लहानात लहान गोळी सामान्यतः १० मिलिग्रॅमची असते. नेदरलँड्समध्ये उतरत्या मात्रांच्या गोळ्यांच्या पट्ट्या तयार करण्यात आल्या. काही औषधांचे द्रवरूपही उपलब्ध असते. २०२४ साली ह्याच दोघांनी औषधे कमी करण्याविषयीची मॉड्झ्ली मार्गदर्शिका प्रसिद्ध केली. ह्या पद्धतीचा लाभ मोठ्या नियंत्रित प्रयोगांनी सिद्ध व्हावयाचा आहे, ही तिची मर्यादा सांगितली पाहिजे. तथापि १९५७ साली सुरू झालेल्या औषधवर्गाचा हा अगदी व्यावहारिक प्रश्न साठ वर्षांनी अभ्यासाला यावा, ह्याचा दोष शास्त्राच्या अवघडपणाला देता येणार नाही. ज्याला नावच नव्हते त्याचा अभ्यास कोणी करावा?

७

आता मराठीचा प्रश्न. मनोवैद्यकाचा मराठी परिभाषाकोश अद्याप स्थिरावतो आहे, आणि बहुतेक मराठी लेखनात 'ॲडिक्शन' आणि 'डिपेन्डन्स' ह्या दोहोंसाठी 'व्यसन' किंवा 'सवय' ह्यांपैकी हाती येईल तो शब्द योजला जातो. 'ह्या गोळ्यांची सवय लागत नाही' हे वाक्य आपल्याकडील पुष्कळ रोग्यांनी ऐकलेले असते. इंग्रजीतील घोटाळा आपण असा आयता उचलला आहे. वस्तुतः आपल्या भाषेत ह्या बाबतीत इंग्रजीपेक्षा अधिक विवेक आहे. 'व्यसन' हा शब्द संस्कृतात संकट आणि दुर्गुण ह्या दोन्ही अर्थांनी येतो. मराठीत त्याचा दोषवाचक अर्थच राहिला. 'चटक' आणि 'तलफ' हे शब्द मनाच्या ओढीचे आहेत. ह्यांहून सर्वस्वी निराळा असा 'अंगवळणी पडणे' हा वाक्प्रचार आपल्यापाशी आहे. त्यात ओढ नाही, लोभ नाही, दोषही नाही. एखादी गोष्ट दीर्घकाळ होत राहिली म्हणजे अंगाला तसे वळण पडते, आणि ते मोडताना अंग दुखते. नैराश्यरोधक औषधाची चटक लागत नाही, तलफ येत नाही, परंतु ते अंगवळणी पडते, असे म्हटले म्हणजे शास्त्राला जे सांगावयाचे आहे ते एका वाक्यात आणि कोणाचाही अपमान न करता सांगून होते. पारिभाषिक रूप हवे असल्यास 'अंगवळण' हा शब्द शारीरिक अवलंबित्वासाठी योजता येईल. 'व्यसन' हा शब्द त्याच्या जागी ठेवावा.

दुसरा लाभ क्रियापदांचा आहे. मराठीत 'सोडणे' आणि 'सुटणे' अशी जोडी आहे. सोडण्याला कर्ता लागतो. सुटणे आपोआप घडते किंवा घडत नाही. 'मी गोळी सोडली' आणि 'माझी गोळी सुटली' ह्या दोन वाक्यांत जे अंतर आहे, तेच 'डिस्कन्टिन्युएशन' आणि 'विथड्रॉअल' ह्यांतील मूळचे अंतर होय. सोडणे ही एका दिवसाची क्रिया आहे. सुटणे ही काळाने घडणारी गोष्ट आहे. नव्या इंग्रजी संज्ञेने सोडण्याचे नाव सुटण्याला दिले, आणि त्यामुळे रोग्याच्या कृतीचा भास झाला तो शरीराच्या अवस्थेला. आपण 'गोळी सुटतानाचा त्रास' असे साधे म्हणावे. त्यासाठी संस्कृतातून नवा शब्द घडविण्याची आवश्यकता नाही.

ह्या विवेचनाचा कोणी असा अर्थ करू नये की ही औषधे घेऊ नयेत, किंवा घेत असल्यास ती तडकाफडकी टाकून द्यावीत. तसे करणे हाच सर्वांत घातक मार्ग आहे, हे वरील सर्व प्रमाणांनी दाखविलेच आहे. औषध कमी करावयाचे ते डॉक्टरांच्या देखरेखीखाली, सावकाश, आणि दुखणे उलटण्याचा संभव डोळ्यांपुढे ठेवूनच केले पाहिजे. म्हणणे एवढेच की गोळी सुरू करतानाच रोग्याला दोन्ही गोष्टी सांगितल्या पाहिजेत : ही लागू पडण्याचा संभव आहे, आणि ही अंगवळणीही पडेल. १९९२ पूर्वीच्या त्या चाचणीतील ७८ टक्के लोक शब्दाने चुकले होते. त्यांच्या भीतीतील अर्धा भाग बरोबर होता. त्यांचा शब्द दुरुस्त करण्याच्या भरात तो अर्धा भागही खोडला गेला. तो परत मिळवायला सत्तावीस वर्षे लागली, आणि त्या अवधीत 'माझे दुखणे उलटले नाही, मला गोळी सुटत नाही' असे सांगणाऱ्या माणसाजवळ आपले खरे म्हणणे मांडायला मान्य असा शब्द नव्हता. त्याच्याजवळ तो असावा, एवढे तरी काम भाषेच्या अभ्यासकांनी अंगावर घ्यावयास हरकत नाही.